एका लहानशा डबीतील खरखर

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेची एक गुंडाळी असते. गिटारची तार थरथरली की त्या गुंडाळीत विजेची लहर उठते. ही लहर फार अशक्त असते. साधारणतः एका व्होल्टाचा दहावा भाग, आणि बोट हळुवार फिरले तर त्याहूनही पुष्कळ कमी. एवढ्या भांडवलावर मोठ्या ध्वनिवर्धकाला गर्जना करावयास लावणे अवघड जाते. म्हणून वादक आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये एक लहानशी डबी जोडण्याची चाल पडली. तिला बूस्टर म्हणतात. डबीत नऊ व्होल्टांची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, चारदोन रेझिस्टन्स, तितकेच कंडेन्सर आणि एक बटण, एवढाच संसार. हातात डाखणी धरता येणारा कोणीही मुलगा एका रविवारी ती घरी बनवू शकतो, आणि आपल्याकडे आता पुष्कळ मुले बनवितातही.

डबी तयार होते, गिटार वाजू लागते, आणि सूर थांबला की मागून एक सळसळ ऐकू येते. दूरवर पत्र्यावर पाऊस पडत असावा तशी. मग तो मुलगा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानी जाऊन विचारतो की, कमीत कमी खरखर करणारा ट्रान्झिस्टर कोणता? दुकानदार एक क्रमांक सांगतो. दुसरा दुकानदार दुसरा सांगतो. कोणी जाणता सांगतो की, अमुक एका इंग्रज वादकाच्या डबीत अमुक जातीचा जुना ट्रान्झिस्टर होता, तोच पाहिजे. आणि त्या जुन्या नगासाठी तो मुलगा महिन्याचा खाऊचा पैसा मोजून मोकळा होतो. या प्रश्नाचे उत्तर एका क्रमांकात मावत नाही असे आमचे मत आहे, आणि ते का मावत नाही हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

पहिले महायुद्ध संपत आले होते त्या १९१८ सालात वॉल्टर शॉटकी या जर्मन शास्त्रज्ञाने निर्वात नळीतील विजेच्या प्रवाहाचा विचार करताना एक साधी गोष्ट मांडली. वीज म्हणजे तेलासारखी अखंड धार नव्हे. ती कणाकणांनी वाहते, आणि प्रत्येक कण आपापल्या वेळी येऊन आदळतो. बंदुकीचे छर्रे पत्र्यावर पडावेत तसा त्यांचा आवाज होतो, म्हणून त्या परिणामाला छर्ऱ्यांचेच नाव मिळाले. आमच्या कोकणातील श्रोत्यांस पत्र्याच्या पडवीवर पडणाऱ्या पावसाची उपमा अधिक जवळची वाटेल. थेंब मोजता येत नाहीत, पण ते थेंब आहेत हे कानाला कळते. प्रवाह जितका मोठा तितकी ही खरखर मोठी, एवढे सूत्र येथे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

त्यानंतरचा शोध अमेरिकेतील बेल टेलिफोन व्यवस्थेत लागला. जॉन बर्ट्रँड जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट हे दोघेही जन्माने स्वीडनचे. जॉन्सनने दाखवून दिले की, प्रवाह मुळीच वाहत नसला तरीही प्रत्येक रेझिस्टन्स आपल्या ठिकाणी खरखरत असतोच. धातू घ्या, कोळसा घ्या, क्षारांचे द्रावण घ्या. पदार्थ कोणता याला महत्त्व नाही. त्याचा रोध किती आणि तो किती ऊन आहे, या दोन गोष्टींवर खरखर ठरते. उष्णतेने आतील विद्युत्कण सतत हेलकावत असतात, त्यांचाच हा आवाज. नायक्विस्टने या निरीक्षणाला गणिताचा पाया दिला, आणि दोघांचे निबंध १९२८ साली शेजारी शेजारी छापले गेले. त्यांच्या सूत्राने हिशेब केला तर दहा हजार ओहमांचा रेझिस्टन्स २७ अंश सेल्सिअसला, मनुष्याच्या कानाच्या संपूर्ण पट्ट्यात, सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट एवढी खरखर आपसूक निर्माण करतो. गिटारची गुंडाळी साधारण याच मापाची असते. म्हणजे डबी जोडण्याच्या आधीच, निसर्गाने आपला कर वसूल केलेला असतो.

हा कर माफ होत नाही. नागपूरच्या मे महिन्यातून उठून गिटार महाबळेश्वरच्या थंडीत नेली तरी ही खरखर शंभराला सहा इतकीच उतरेल. त्याच जॉन्सनने १९२५ साली आणखी एक खरखर नोंदविली होती, ती मात्र वेगळ्या स्वभावाची. सूर जसजसा खाली जावा तसतशी ती वाढते, आणि ती पदार्थावर, त्याच्या पृष्ठभागावर, बनावटीवर अवलंबून असते. ही तिसरी खरखर माणसाच्या हातातली आहे. कारखान्यातील स्वच्छतेने ती कमी होते आणि हलगर्जीपणाने वाढते.

बेल प्रयोगशाळेतच हॅराल्ड फ्रीस नावाचे एक डेन्मार्कचे गृहस्थ होते. त्यांनी १९४४ साली रेडिओ-ग्राहकातील खरखरीचा हिशेब मांडला. अनेक पायऱ्यांनी आवाज वाढविणाऱ्या यंत्रात सर्वांत महत्त्वाची पायरी पहिली, असा त्याचा इत्यर्थ. नदीचे पाणी उगमाशीच गढूळ झाले तर पुढे कितीही घाट बांधले तरी ते निवळत नाही. आपली डबी गिटारच्या अगदी दाराशी बसते. तिच्यातील एकुलता एक ट्रान्झिस्टर हीच पहिली पायरी, आणि त्याने जी सळसळ घातली ती पुढचा ध्वनिवर्धक इमानाने शतगुणित करतो. शिवाय असे वादक ध्वनिवर्धकाला इतके ताणतात की मोठा सूर आणखी मोठा होऊच शकत नाही. लहान तेवढे वर येते. सूर विरू लागला की त्याच्या जागी खरखर येऊन बसते ती यामुळे. नुसते आकडे पाहणाऱ्याला एवढ्याशा मायक्रोव्होल्टाची भीती का बाळगावी हे उमगत नाही, कानाला मात्र ते ताबडतोब कळते.

इतके सारे ट्रान्झिस्टर जन्माला येण्यापूर्वी ठाऊक झालेले होते. १९४७ च्या डिसेंबरात त्याच बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर दोन टोके टेकवून पहिला ट्रान्झिस्टर चालविला, आणि ३० जून १९४८ रोजी न्यूयॉर्कला तो जगापुढे ठेवण्यात आला. त्याचे गुण सर्वांनी गाइले. त्याचा मोठा दोष असा की तो विलक्षण खरखरत असे. निर्वात नळीच्या मानाने कितीतरी पटींनी. टेकविलेल्या टोकांचा तो ट्रान्झिस्टर होताच तसा लहरी. विल्यम शॉकली यांच्या कल्पनेतून निघालेला, आतल्या आत सांधलेला ट्रान्झिस्टर १९५१ साली जाहीर झाला तेव्हा त्याच्या गुणांत शांतपणा हा गुणही होता. या तिघांस १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

या शांत ट्रान्झिस्टरचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे कमी ऐकू येणारी माणसे. बेल व्यवस्थेने इतर कारखान्यांना ट्रान्झिस्टर बनविण्याचे परवाने दिले तेव्हा श्रवणयंत्रांपुरते स्वामित्वशुल्क माफ केले. अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे मुळात बहिऱ्यांचे शिक्षक. त्यांच्या स्मृतीला हा मान होता. श्रवणयंत्र कानात दिवसभर असते. त्यातून सतत सळसळ येत राहिली तर बहिरेपणा बरा म्हणण्याची पाळी यावयाची. तेव्हा येथे खरखरीची परीक्षा कडक ठेवणे प्राप्तच होते. रेथिऑन या अमेरिकन कंपनीने श्रवणयंत्रासाठी सीके ७१८ नावाचा ट्रान्झिस्टर काढला. पण त्या काळची कारागिरी अशी की, एकाच घाण्यातून निघालेले नग एकासारखे एक नसत. कोणी जोरकस, कोणी मंद. कोणी शांत, कोणी भांडखोर. प्रत्येक नग तपासावा लागे आणि पुष्कळ नग बाजूला पडत.

बाजूला पडलेल्यांचे काय करावयाचे? रेथिऑनने त्यांना सीके ७२२ असे नाव दिले आणि १९५३ साली ते हौशी लोकांना ७ डॉलर ६० सेंटला एक या भावाने विकावयास काढले. काही वर्षांतच ही किंमत एका डॉलरच्या आत आली. अमेरिकेतील एका सबंध पिढीने आपला पहिला रेडिओ, पहिला भोंगा, पहिला प्रवर्धक या टाकाऊ नगांवर बनविला. श्रवणयंत्राच्या चाळणीतून खाली पडलेला कोंडा हा घरगुती कारागिराचा पहिला शिधा ठरला. आम्हांस या घटनेत कंपनीचे कौतुकही वाटते आणि एक कायमची व्यवस्थाही दिसते. कारखान्याने ज्याला परीक्षा करून दिली त्याला शांत नग मिळाला. हौशी माणसाला मिळाला तो परीक्षेत नापास झालेला, अथवा परीक्षाच न झालेला. ती परीक्षा त्याची त्यानेच करावी, हा त्या स्वस्ताईतील अलिखित करार होता.

जर्मेनियम एवढे लहरी का, याचा उलगडा हळूहळू झाला. ॲलन मॅक्व्होर्टर यांनी १९५७ च्या सुमारास दाखविले की खालच्या सुरांतील खरखरीचे मूळ बरेचसे जर्मेनियमच्या पृष्ठभागात आहे. तेथे विद्युत्कण अडकतात आणि वेळीअवेळी सुटतात. दुसरा दोष गळतीचा. नळ बंद केला तरी थेंब थेंब पाणी येतच राहावे तसा जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधून प्रवाह झिरपत राहतो, आणि दर दहा अंश उष्णतेला ही गळती सुमारे दुप्पट होते. मघाशी नागपूर आणि महाबळेश्वर यांच्यातील फरक जॉन्सनच्या खरखरीत शंभराला सहा निघाला. गळतीच्या बाबतीत तोच फरक दहा पटींच्या वर जातो. सिलिकॉनमध्ये ही गळती जवळजवळ नाहीच. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९५४ साली सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर बाजारात आणला, आणि १९५९ साली फेअरचाइल्डच्या जाँ एर्नी यांनी त्याच्या पृष्ठभागावर सिलिकॉनच्याच ऑक्साइडचे पांघरूण कायमचे राहू देण्याची युक्ती काढली. पृष्ठभाग झाकला गेला आणि खरखर पुष्कळशी निमाली.

आता लंडनला जावयास हवे, कारण आपली डबी तेथे प्रसिद्धीस आली. १९६५-६६ च्या सुमारास जॉन ई. डॅलस अँड सन्स या वाद्यविक्या कंपनीने रेंजमास्टर नावाची एक पेटी काढली. ती पायाने दाबावयाची नव्हती. ध्वनिवर्धकाच्या डोक्यावर ठेवावयाची असे. त्या वेळचे काही ध्वनिवर्धक आवाजाने जरा दबके होते, त्यांना धार आणावी एवढाच हेतू. आत एकच जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर, बहुधा ओसी ४४. आत शिरण्याच्या वाटेवर कंडेन्सर इतका लहान ठेवला होता की खर्जाला मज्जाव व्हावा आणि तीव्र सुरांना वाट मिळावी. या ओसी ४४ चे मूळ काम रेडिओत होते. मध्यम लहरींवरील कार्यक्रम पकडून त्याची कंपनसंख्या बदलावयाची, हा त्याचा धंदा. कानाला ऐकू येणाऱ्या सुरांसाठी तो घडविलेला नव्हता. ज्या नगासाठी आज लोक वाटेल ती किंमत देतात, तो गिटारच्या डबीत आला तो असा परक्या मुलखातून.

आयर्लंडचा रोरी गॅलॅघर ही पेटी व्हॉक्स कंपनीच्या एसी ३० या ध्वनिवर्धकाला जोडून वाजवी. लंडनच्या मार्की क्लबात त्याला ऐकून ब्रायन मे नावाच्या एका तरुणाने हा आवाज कसा काढता म्हणून विचारले, आणि गॅलॅघरने आडपडदा न ठेवता सांगून टाकले. हा मे पुढे क्वीन या वाद्यवृंदाचा गिटारवादक झाला. त्याची गिटार त्याने वडिलांच्या मदतीने १९६३ पासून घरीच बनविलेली. तिच्या मानेचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून काढलेले. (पुढे २००७ साली त्याने खगोलशास्त्रात डॉक्टरेटही मिळविली, लाकूड असो की आकाशातील धूळ, हाताने चाळून पाहण्याची आवड एकच.) त्याच वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फरोख बलसारा, हा शाळकरी वयात आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता, ही गोष्ट महाराष्ट्रातील श्रोत्यांस सांगावयास हरकत नाही. आणि तिसरा सोबती जॉन डीकन याला १९७२ साली लंडनच्या रस्त्यावरील कचऱ्याच्या पेटीत जर्मेनियम ट्रान्झिस्टरांची एक टाकून दिलेली पाटी सापडली. तिचा त्याने लहान ध्वनिवर्धक केला, आणि मेच्या गिटारचे कित्येक थर त्यावर ध्वनिमुद्रित झाले. टाकाऊ मालाचा महिमा येथेही संपत नाही. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी याने ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या तबकडीच्या काळी रेंजमास्टर वापरला तोही दुरुस्त्या करून घेतलेला.

या सर्वांच्या पेट्या खरखरत नव्हत्या काय? खरखरत होत्या. तीव्र सुरांना उठाव देणारी पेटी त्याच पट्ट्यातील सळसळीलाही उठाव देणारच. भर सभागृहात, ढोलाच्या दणक्यात ती कोणाला ऐकू येत नसे. घरच्या खोलीत रात्री दहा वाजता हेडफोन लावून वाजविणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. थोरांच्या पेटीतील ट्रान्झिस्टर आणला म्हणजे थोरांचा आवाज आला, हे जितके खोटे, तितकेच तो आणला म्हणजे शांतता आली, हेही खोटे.

समुद्रापलीकडे न्यूयॉर्कला याच सुमारास दुसरी वाट निघाली. माइक मॅथ्यूज यांनी १९६८ मध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही कंपनी काढली. त्यांच्यासाठी बॉब मायर हे एक यंत्र रचीत होते, आणि हे मायर नोकरीला कोठे, तर बेल प्रयोगशाळेत. मॅथ्यूज यांनी सांगितलेली हकीकत अशी की, मूळ यंत्र पाहावयास ते गेले असता त्याच्या पुढे एक चिमुकली डबी खोचलेली त्यांना दिसली. गिटारचा ओघ अशक्त पडतो म्हणून मायर यांनी ती सहज करून ठेवली होती. तिची कळ दाबताच ध्वनिवर्धक दणाणून उठला. मूळ यंत्र राहिले बाजूला आणि डबीच एलपीबी-१ या नावाने विकावयास निघाली. एक सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, दोन कंडेन्सर. खरखरीचे सूत्र ज्या व्यवस्थेत लिहिले गेले, ट्रान्झिस्टर जेथे जन्मला, तेथलाच एक मनुष्य ही डबी फावल्या वेळात करून जातो, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. घरी बनविणारे आजही बहुधा याच डबीची नक्कल करून हात बसवितात.

तर मग निवड कशी करावी? सिलिकॉन पाहिजे असेल तर भांडण थोडक्यात मिटते. शॉटकीचे सूत्र आठवावे: प्रवाह मोठा तर खरखर मोठी. ट्रान्झिस्टरच्या बेसमधून जो बारीकसा प्रवाह जातो त्याची खरखर गिटारच्या रोधावर आदळते. म्हणून ज्याची वाढ मोठी, म्हणजे ज्याला बेसमधून थोडकाच प्रवाह लागतो, तो शांत. युरोपातील बीसी १०९, त्याचा प्लॅस्टिकमधील भाऊबंद बीसी ५४९, अमेरिकेचा २एन ५०८८ हे याच कामासाठी निवडलेले वाण आहेत. वाढ पाचशे धरली आणि कलेक्टरचा प्रवाह पाव मिलिअँपिअर ठेवला, तर बेसच्या प्रवाहाची खरखर गिटारच्या गुंडाळीच्या स्वतःच्या खरखरीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी भरते. म्हणजे मधल्या सुरांपर्यंत तरी ट्रान्झिस्टर गुंडाळीपेक्षा शांत झाला. त्याहून महाग नग आणून फारसे काही साधत नाही. फक्त एक सावधगिरी: तीव्र सुरांना गिटारच्या गुंडाळीचा अडथळा कैक पटींनी वाढतो, चार हजार कंपनांना तो पन्नास-साठ हजार ओहमांवरही जातो, आणि बेसच्या प्रवाहाची खरखर त्याच प्रमाणात फुगते. म्हणून तीव्र सुरांच्या डबीत कलेक्टरचा प्रवाह आणखी उतरवून पाव मिलिअँपिअरच्या जागी त्याचा निम्मा ठेवावा. पुष्कळ मुले महागडा ट्रान्झिस्टर आणतात आणि त्यातून एक मिलिअँपिअर सोडतात. मग दोष दुकानदाराच्या माथी बसतो.

जर्मेनियमच पाहिजे असा ज्याचा हट्ट असेल, आणि त्याच्या मऊ फुटणाऱ्या आवाजामुळे तो हट्ट काही अगदीच वेडा नाही, त्याला मात्र रेथिऑनच्या परीक्षकाची खुर्ची स्वतः घ्यावी लागते. परीक्षा सोपी आहे. साधारण अडीच हजार ओहमांचा, नेमके सांगावयाचे तर २४७२ ओहमांचा, रेझिस्टन्स जुळवावा. पीएनपी जातीच्या नगाचा एमिटर नऊ व्होल्टांच्या बॅटरीच्या धन टोकाला, आणि कलेक्टर या रेझिस्टन्समधून ऋण टोकाला जोडावा. बेस मोकळा सोडून रेझिस्टन्सवरील व्होल्ट वाचावे, ही गळती. पाव व्होल्ट म्हणजे शंभर मायक्रोअँपिअर. मग बेस आणि ऋण टोक यांच्यामध्ये २२ लक्ष ओहमांचा रेझिस्टन्स लावून पुन्हा वाचावे. दोन वाचनांतील फरकाला शंभराने गुणले की खरी वाढ मिळते. समजा, आधी ०.३५ आले आणि नंतर १.२५, तर वाढ ९० आणि गळती १४० मायक्रोअँपिअर. साधा मल्टिमीटर गळतीलाच वाढ समजून याच नगाला सवाशेचे प्रमाणपत्र देतो. नग फार वेळ चिमटीत धरू नये. बोटाच्या उबेने काटा चढताना डोळ्यांदेखत दिसतो.

गळती जास्त असलेला नग नुसता अस्थिर असतो असे नव्हे. झिरपणारा प्रवाहही कणाकणांनीच वाहतो. त्याच्याही थेंबांचा आवाज होतो, आणि तो बेसच्या दाराशी होत असल्यामुळे पुढे वाढून येतो. म्हणून गळकी मंडळी बहुतेक करून गोंगाटी निघतात. रेंजमास्टरसारख्या डबीला वाढ सत्तर ते शंभर आणि गळती दोनशेच्या आत असा नग धरावा, बाकीचे परत पुडीत टाकावे. सुपात तांदूळ निवडणाऱ्या बाईला जशी खड्याची जात विचारावी लागत नाही, तशी येथे नगावरील अक्षरांची फारशी मातब्बरी राहत नाही.

मात्र गळतीचा आकडा पृष्ठभागाची लबाडी सांगत नाही. एखादा नग आकड्यांत सोवळा असूनही मधूनच लाह्या फुटाव्यात तसा तडतडतो. तेथे कानाशिवाय दुसरी कसोटी नाही. डबीत ट्रान्झिस्टर डाखू नये, आधी सॉकेट बसवावे, आणि एकामागून एक नग घालून ऐकावे. ऐकताना डबीचे तोंड कसे ठेवावयाचे हाही प्रश्न आहे. तोंडाशी दोन तारा एकत्र जोडून ऐकणे ही सर्वत्र चाल आहे, पण तीत फसगत होते. कारण बेसच्या प्रवाहाच्या खरखरीला आदळावयास समोर रोधच उरत नाही आणि वाईट नगही साधू वाटतो. तेथे दहा हजार ओहमांचा रेझिस्टन्स लावावा, तीव्र सुरांच्या डबीला सत्तेचाळीस हजारांचा. मग गिटार लावल्यावर जे ऐकू यावयाचे तेच ऐकू येते. घरातील विजेची घूंऽऽ अशी गुणगुण ही या परीक्षेचा विषय नव्हे. ती पत्र्याच्या डबीने आणि नीट भूजोडणीने जाते, ट्रान्झिस्टर बदलून जात नाही.

आपल्या देशात या मालाची स्थिती काय, हे सांगून पुरे करू. बंगलोरला १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ पासून जर्मेनियमचे अर्धवाहक बनविले. कंपनीचे लघुनाम बेल असे असले तरी त्या अमेरिकन बेलशी तिचे नाते नाही. बेल हे नाव छापलेले एसी १२८ आपल्या जुन्या ट्रान्झिस्टर-रेडिओंत असत, आणि पुढे सिलिकॉनचे बीसी १४८ही आले. जर्मेनियमचे हे नग बनणे कधीच थांबले. आता बाजारात जे मिळते ते गोदामातले जुने, मोडक्या रेडिओतून उपटलेले, किंवा स्वस्त सिलिकॉनवर जुने नाव छापून विलायती म्हणून खपविलेले. ही शेवटची जात ओळखावयास मल्टिमीटरच्या डायोडच्या खुणेवर बेस आणि एमिटर यांच्यामधील व्होल्ट पाहावे. खऱ्या जर्मेनियमला ०.२ ते ०.३ च्या आसपास आकडा येतो, सिलिकॉनला ०.६ ते ०.७, आणि गळतीच्या परीक्षेत काटा शून्यावरून हललाच नाही, तर नाव काहीही छापलेले असो, तो नग जर्मेनियमचा नव्हे.